काठीची उंची

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीचा लोखंडी फाळका आपटला की सगळ्या स्कूटर एकदम सुरू होतात आणि पायी जाणारी माणसं त्यांच्यामधून अंग चोरत आत शिरतात. दर मंगळवारी मी पलीकडच्या चोडण बेटावर जाते. तिथे एका पेशंटचं घर आहे, अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी मूठ अजून उघडत नाही. जुलैचा पहिला आठवडा, पाऊस नुकताच थांबलेला, फाळक्यावर तेलाचे इंद्रधनुष्यी डाग. माझ्यापुढे एक म्हातारी चढत होती. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं, डाव्या हातात पिशवी, पिशवीत सुके बांगडे (मासेमारीची बंदी चालू होती, त्यामुळे बोटभर तोच वास). उजव्या हातात ॲल्युमिनियमची काठी. काठी इतकी उंच की तिचा उजवा खांदा कानाला लागलेला. दुखरा गुडघाही उजवाच. म्हणजे काठी उंच, वर चुकीच्या हातात. वीस वर्षं फिजिओथेरपीच्या धंद्यात काढल्यावर डोळ्याला असली दृश्यं खड्यासारखी टोचतात. रस्त्यात कुणाची पाठ वाकडी दिसली तर मी निमूट पुढे जाते, पण काठी दिसली की मला राहवत नाही.

बोट सुटल्यावर मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, मावशी, जरा काठी बघू? तिने दिली. या काठ्यांना खाली ओळीने भोकं असतात आणि आतून एक पितळी बटण वर आलेलं असतं. मी बटण दाबून नळी दोन भोकं आत सरकवली, काठी तिच्या डाव्या हातात दिली, पिशवी उजव्या हातात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली की खुब्यावरचा आणि गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो, हेही दोन वाक्यांत सांगितलं. ती चार पावलं चालली. म्हणाली, "बरें दिसता गो बाय." बोटीवरच्या दोघातिघांनी कौतुकाने पाहिलं. सकाळ सत्कारणी लागल्यासारखी मी चोडणला उतरले.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा भेटली. काठी परत उंच, परत उजव्या हातात.

मला रागच आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मावशी, मी नीट करून दिली होती ना? ती हसली. एखादं पोर नको तो प्रश्न विचारतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसं. "चिखलांत भितर वता न्हू ती!" म्हणाली. चोडणच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, तिचं शेत आहे, लावणी चालू आहे, दिवसातून दोनदा ती बांधावरून जाते. ओल्या बांधावर काठी टेकली की आत रुतते. मी सरकवलेली दोन भोकं तिने संध्याकाळी घरी जाऊन कोयत्याच्या मुठीने बटण दाबून परत बाहेर काढली होती. "सुक्या जाग्यार कोण चलता?" हा तिचा पुढचा प्रश्न. आणि डाव्या हाताचं काय? तर बांधाच्या डाव्या बाजूला पाणी असतं, उजव्या बाजूला घट्ट माती. काठी मातीत टेकायची की पाण्यात?

माझी उंची फरशीवरची होती.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं ते असं: पेशंटला पायात रोजच्या चपला घालून सरळ उभं करा, हात मोकळा सोडा, मनगटाच्या घडीपाशी मूठ यायला हवी, धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. नियम चुकीचा नाही. पण त्या वाक्यात एक जमीन गृहीत धरलेली आहे, गुळगुळीत, सपाट, कोरडी, आणि ती कुणी मोठ्याने उच्चारत नाही. चोडणहून परतताना, खारफुटीवर बसलेल्या बगळ्यांकडे बघत बघत, ही न उच्चारलेली जमीन मला दहा वर्षं मागे घेऊन गेली, आणि तिथे जायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

2015 च्या मे महिन्यात मी नेपाळला गेले होते. 25 एप्रिलचा भूकंप झाला होता, 12 मेचा दुसरा मोठा धक्काही बसून गेला होता. आमच्या गटाचं नाव सांगत नाही. माणसं चांगलीच होती, मीही त्यांच्यातलीच एक होते. मी तिथे अकरा दिवस राहिले. सिंधुपालचोक जिल्ह्यात एका रुग्णालयाच्या आवारात ताडपत्रीचे तंबू होते, आत खाटा कमी आणि चटया जास्त. आधीचं सर्जनचं पथक निघून गेलं होतं. एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या नडगीत लोखंडी सळ्या बसवून त्या बाहेरून चौकटीला जोडल्या होत्या. कुठल्या दिवशी बसवल्या, कधी काढायच्या, पाय टेकवायचा की नाही, याचा कागद कुठेच नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये एक्स-रेचा एक फोटो होता, त्यातही वरच्या बत्तीचा झगझगीत गोळा बरोबर मोडलेल्या हाडावर पडलेला. मी त्याला कुबड्या दिल्या, पाय न टेकवता चालायला शिकवलं, ताडपत्रीवर त्याच्याकडून फेऱ्या मारून घेतल्या. हुशार होता, दोन दिवसांत पट्टीचा चालायला लागला. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्याचं घर कुठे, हे मी विचारलं ते शेवटच्या दिवशी, निघताना, निरोपादाखल. त्याने कुबडीनेच समोरचा डोंगर दाखवला. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधून एक पायवाट, धडधाकट माणसाला दोन तास. मी बघतच राहिले. मग आमची जीप आली.

त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आमच्यानंतर कोण येणार होतं तेही मला माहीत नव्हतं. मी त्याच्या बहिणीला वहीचं एक पान फाडून दिलं होतं, त्यावर व्यायामाची चित्रं काढली होती. तारखा नव्हत्या.

परत आल्यावर मी वाचायला लागले, अपराधीपणातून माणूस वाचतो तसं. तेव्हा कळलं की हे माझ्या आधी, माझ्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून वैद्यकीय पथकं धावली. त्यांत उत्तम होती तशी कसलीही तयारी नसलेलीही होती. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, नोंदी राहिल्या नाहीत, पथकं परतली, आणि माणसं थोटके पाय घेऊन तंबूत बसून राहिली. त्यावर इतकी टीका झाली की 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पथकांचं वर्गीकरण करून किमान मापदंड लिहून काढले. म्हणजे आपण किती खाटा चालवू शकतो, काय करू शकतो आणि काय नाही, हे पथकाने आधी सांगायचं. त्यातही पुनर्वसनाला नीट जागा मिळायला आणखी तीन वर्षं गेली. 2016 चा स्वतंत्र दस्तऐवज आला तेव्हा कुठे छापील झालं की रुग्ण दाखल करून शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात दर 20 खाटांमागे निदान एक पुनर्वसन करणारा माणूस हवा. फिजिओथेरपिस्ट म्हणजे शेवटी उरलेल्या सीटवर बसवून न्यायचं माणूस नव्हे, हे त्या एका आकड्याने सांगितलं. मला तो आकडा वाचून गहिवरून आलं होतं, असं सांगितलं तर माझ्या व्यवसायातल्या बायका हसणार नाहीत.

पण आकडा मोजता येतो म्हणून तो पाळल्याचं दाखवताही येतं. वीस खाटा, एक मुलगी, झाली बरोबर खूण. त्याच कागदांत दुसरी एक अपेक्षा आहे, तिला आकडा नाही. रुग्णाच्या हातात त्याच्या नोंदीची प्रत द्या, आणि तुम्ही निघाल्यावर त्याला कोण बघणार ते स्थानिक लोकांबरोबर आधीच ठरवून ठेवा. इतकी साधी गोष्ट. प्लास्टरवर मार्करने मोडलेल्या हाडाचं चित्र काढून खाली तारीख लिहायची, म्हणजे कागद हरवला तरी पाय हरवत नाही, ही युक्ती मला नेपाळनंतर कळली. माझ्या पर्समध्ये तेव्हाही मार्कर होता. आमच्या गटाच्या सामानावर नाव घालायला.

मापदंड हा शब्द मला पूर्वी आवडायचा नाही. दंड आहे त्यात. आमच्या व्यवसायाचे पहिले मापदंड कसे आले ही गोष्टही फारशी गोंडस नाही. 1894 साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि खरोखर मालिश शिकलेल्या चार नर्सनी एकत्र येऊन संस्था काढली. नियम केले: डॉक्टरने सांगितल्याशिवाय उपचार करायचे नाहीत, पुरुषांना सरसकट मालिश करायचं नाही, वगैरे. म्हणजे सुरुवातीला रुग्णाच्या भल्याइतकीच आपली अब्रू वाचवायची होती. हे वाचताना मला कळंगुटचा रस्ता आठवला. माझं पहिलं क्लिनिक त्या पट्ट्यात होतं. शेजारीपाजारी निऑनच्या पाट्या, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी अर्धवट दार ढकलून विचारायचं, "मसाज का?" मी पांढरा कोट शिवून घेतला तो त्या दारासाठी. पेशंटसाठी त्याची काहीच गरज नव्हती. तेव्हा त्या चार बायकांना मी नावं ठेवणार नाही. फक्त इतकंच की नियम कुणाच्या भीतीतून जन्मला ते त्याच्या अंगावर दिसत राहतं. आपल्या देशात आमच्या व्यवसायाला धरून देशपातळीवरचा कायदा आला तो 2021 मध्ये. तोवर निम्मी माणसं आम्हाला मालिशवालेच समजत होती, आणि उरलेली निम्मी कोट बघून डॉक्टर.

त्याच 2021 च्या जुलैत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पूर आला. म्हादईचं पाणी घरांत शिरलं, मातीच्या भिंती विरघळल्या, म्हातारी माणसं 1982 च्या पुराच्या गोष्टी काढायला लागली. काही दिवसांनी एका शाळेत मदतीचं शिबिर होतं, मला बोलावलं. तोंडावर मास्क, वर्गात ओल्या चादरींचा आणि फिनेलचा वास, फळ्यावर पुराच्या आधीच्या दिवसाचा सुविचार तसाच. एका कोपऱ्यात काठ्या, वॉकर आणि चार व्हीलचेअर, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. पाठीमागे बॅनर. मी म्हटलं, प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं बघून देऊया. संयोजक भला माणूस होता, रात्रभर जागा होता, डोळे लाल झालेले. तो म्हणाला, "ताई, आधी हातात काहीतरी पडू दे. क्वालिटीचं मागाहून बघू." आणि मला त्याचं पटलं. आजही अर्धं पटतं. ज्याची काठी वाहून गेली त्याला आज काठी हवी, माझं पाच मिनिटांचं तत्त्वज्ञान नको.

उरलेलं अर्धं त्या चार खुर्च्यांचं आहे. साधनं कमी असलेल्या ठिकाणी व्हीलचेअर कशी द्यावी यावर जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची मार्गदर्शिका आहे. तिच्यात 8 पायऱ्या आहेत. नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैशांची आणि मागणीची सोय, खुर्ची जुळवणं, माणसाला बसवून बघणं, वापरायला शिकवणं, आणि मग दुरुस्ती नि पुढची विचारपूस. शिबिरात आम्ही नववी पायरी करतो, जी त्या यादीत नाहीच: फोटो. ज्याच्या कण्याला मार बसून कमरेखालची संवेदना गेली आहे, त्याला उशी नसलेल्या खुर्चीत दिवसभर बसवलं तर कुल्ल्यावरची कातडी दबून मरते, त्याला कळतसुद्धा नाही. जखम हाडापर्यंत जाते, जंतू रक्तात जातात. त्या जखमेने माणूस जातो. "नसण्यापेक्षा काहीतरी बरं" हे वाक्य भाताच्या पिशवीला लागू आहे, चादरीला आहे. खुर्चीला नाही. त्या दिवशी चारपैकी एक खुर्ची मी अडवून धरली, एका मुलासाठी, उशी मिळेपर्यंत. त्याच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही. दिलेलं हातातून काढून घेणारी बाई होते मी तिच्यासाठी. उशी चौथ्या दिवशी मिळाली, मी स्वतः नेऊन दिली. तोवर तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पाण्याचा तांब्या मात्र पुढे ठेवला.

काबूलमध्ये अल्बेर्टो कैरो नावाचे एक इटालियन फिजिओथेरपिस्ट आहेत. आधी वकील होते. रेडक्रॉसच्या कामासाठी 1990 मध्ये अफगाणिस्तानात गेले आणि राहिलेच. त्यांच्या केंद्रात कृत्रिम पाय बनवणारे, चालायला शिकवणारे, बहुतेक सगळे स्वतःच कधी काळी तिथे पेशंट म्हणून आलेले. राजवटी आल्या, गेल्या. त्यांच्याविषयी वाचलं की मला आधी आदर वाटतो आणि पाठोपाठ आपल्या अकरा दिवसांची लाज. मग वाटतं, सगळ्यांनी तीस-पस्तीस वर्षं राहायचं म्हटलं तर कुणी जाणारच नाही. अकरा दिवसांचं माणूसही लागतंच. फक्त त्याला आपण अकराच दिवसांचे आहोत हे पहिल्या दिवशी ठाऊक हवं. मला ते अकराव्या दिवशी कळलं.

माझ्या आजीचं मनगट मोडलं होतं, मये गावात, मी सात-आठ वर्षांची असताना. तळ्याकाठच्या शेवाळावरून पाय सरकला. डिचोलीला नेण्याऐवजी पलीकडच्या वाड्यावरच्या हाडवैद्याला बोलावलं. गिड्डा, पान खाणारा, एका कानात भिकबाळी. त्याने आजीच्या हाताला हात लावायच्या आधी परसात एक चक्कर मारली. विहीर बघितली, कळशी उचलून बघितली, रहाटाला हात लावून बघितला. मग म्हणाला, पाणी सून काढेल, चार आठवडे. बांबूच्या कामट्या, अंड्याचा पांढरा बलक, कसलासा पाला, वर जुन्या धोतराची पट्टी. आठव्या दिवशी न बोलावता आला. एकविसाव्या दिवशी पुन्हा आला. पैसे घेतले नाहीत, नारळ घेतले. आता इथे मला खरं सांगायला हवं: हात वाकडाच जुळला. शेवटपर्यंत आजीला डाव्या हाताने भाकरी थापता आली नाही. एक्स-रे काढून प्लास्टर घातलं असतं तर बहुतेक आली असती. त्या माणसाकडे विज्ञान नव्हतं. मी ते वीस वर्षांपूर्वी पदवीसकट घेऊन बसले आहे. पण विहिरीपर्यंत चालत जायचं त्याला कुणी शिकवलं असेल, असा प्रश्न मला चोडणच्या बोटीवर पडला.

तिसऱ्या मंगळवारी पेशंट आटोपून मी त्या म्हातारीबरोबर तिच्या बांधावर गेले. तिने बोलावलं नव्हतं, मीच विचारलं. चपला हातात घेतल्या. खाजनातल्या चिखलाला एक वेगळाच वास असतो, मीठ आणि कुजलेलं पान यांच्या मधला. तो पायांना लागला की दोन दिवस जात नाही. मानसीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, दाराशी भरतीचं पाणी थबकलेलं, पलीकडे वाफ्यात दोन बायका वाकून लावणी करत होत्या. त्यांनी मान न उचलता विचारलं, "कोण गो ती?" म्हातारी म्हणाली, "काठयेची दोतोर." मी तिची काठी घेतली, ती टेकवते तिथेच टेकवली आणि माझा भार दिला. काढून बघितली. ओल्या चिखलाची रेघ नळीवर चढलेली. बोटांनी मोजली. दोन भोकांच्या अंतरापेक्षा नखभर जास्तच.

मग आम्ही बांधावरच बसून सौदा केला. तिच्या नातीचं नेलपॉलिश आणवलं, लालभडक. दोन भोकांभोवती दोन ठिपके दिले: वरचा रस्त्याचा, खालचा चिखलाचा. बटण दाबायला तिच्या अंगठ्यात जोर नाही, म्हणून कोयत्याची मूठ. तिने दोनदा करून दाखवलं. मी पर्समधली डायरी काढून तारीख, गुडघा, भोकांचे क्रमांक लिहिले, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून तिच्या सुनेकडे दिलं. सुनेने चिठ्ठी देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्यामागे खोचली.

काल पुन्हा मंगळवार होता. रायबंदरला फाळका पडला, स्कूटर सुरू झाल्या. म्हातारी पुढे होती. काठी चिखलाच्या ठिपक्यावर, खांदा कानाला लागलेला. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "कोण वांकतलें गो दर फावट?" दर वेळी कोण वाकणार! काठी मात्र डाव्या हातात होती. का, विचारलं, तर उजव्या हातातली पिशवी जड होती म्हणून. मी पिशवी घेतली. पुढच्या पावलाला तिची काठी ओल्या लोखंडावरून चर्रकन वीतभर सरकली, मी तिचा दंड धरला, दोघी कशाबशा आत आलो. बसल्यावर मी पहिल्यांदाच काठी उलटी करून बघितली. खालची रबराची टोपी झिजून एका बाजूने पार कापडासारखी झाली होती, मधून ॲल्युमिनियम चमकत होतं. तीन मंगळवार मी भोकंच मोजत होते.

पणजीत बाजाराजवळ सर्जिकल सामानाचं दुकान आहे. संध्याकाळी गेले, टोपी मागितली. दुकानदाराने नळीचं माप विचारलं. मी डायरी उघडली. भोकांचे क्रमांक होते, गुडघा होता, तारीख होती. नळीची जाडी लिहिली नव्हती. शेवटी जवळजवळच्या दोन मापांच्या घेतल्या. पर्समध्ये आहेत, मंगळवारपर्यंत.